बसवलेल्याला हाक मारायची नाही

मंगळवारी चारच्या सुमाराला ट्रामच्या थांब्यावर एक काळा कुत्रा गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या डाव्या पायाशी बसला. एवढंच. बर्मिंगहॅमच्या भर बाजारात कुत्रा कुणाच्या तरी पायाशी बसला तर त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल, आणि दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण तो नुसता बसला नाही. त्याचा खांदा माझ्या गुडघ्याला बरोब्बर टेकला, मान वर झाली, त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझ्या डाव्या हातानं धरलेली डब्याची पिशवी सोडून दिली. हात खाली गेला, तळवा सपाट झाला, त्याच्या नाकासमोर. थांब. कुत्रा थांबला. पट्टा फरफटत आलेला, जीभ बाहेर, छाती भात्यासारखी हलतेय, पण जागचा हलेना. अठ्ठावीस वर्षांत मी हात असा केला नव्हता. त्याचा मालक, कानात वायरी घातलेला एक तरुण पोरगा, धापा टाकत आला आणि म्हणाला, "सॉरी हं, सॉरी. हा माझ्या बापाचंसुद्धा ऐकत नाही." डबा उघडून उरलेला भात माझ्या बुटांवर सांडला होता. माझी आठ वर्षांची टॅमसिन माझ्या हाताकडे पाहत होती, कुत्र्याकडे नाही. तिनं विचारलं, "आई, तू त्याला काय केलंस?" मी म्हटलं, काही नाही. पाच वर्षांच्या ओवेनला भात सांडल्याचं हसू येत होतं.

घरी जाऊन दोघांनी बापाला बातमी दिली, आणि कॉलिनला तेवढं निमित्त पुरलं. गेले दोन हंगाम तो शनिवारी श्रॉपशरमध्ये जाऊन आठ-दहा मित्रांबरोबर बंदुकीनं फेझंट पक्षी पाडायचा, आणि त्या आठ-दहांत त्याच्या एकट्याकडेच कुत्रा नव्हता. त्यानं पाडलेला पक्षी दुसऱ्याचा कुत्रा आणून द्यायचा, आणि त्या कुत्र्याचा मालक त्यावरून दिवसभर टोमणे मारायचा. कॉलिनला असा कुत्रा हवा होता की शनिवारी काटेरी झुडपांत घुसून पक्षी आणेल, दाताचा ओरखडा न लावता हातात देईल, आणि रविवारी ओवेन त्याच्या पोटावर डोकं ठेवून टीव्ही बघेल. "तू सांग," तो मला म्हणाला, "तू त्यातलीच आहेस. आम्ही सगळे अडाणी." त्यानं ते लाडानं म्हटलं. कॉलिन चांगला माणूस आहे. चौदा वर्षांत त्यानं माझ्यावर आवाज चढवला नाही, आणि मला कधीकधी वाटतं की त्याची गरजच पडली नसावी. मी आपली सांगितलं की करते. सिनेमा संपला की दिवे लागेपर्यंत मी उठत नाही, डॉक्टरकडे नाव पुकारलं तरी दुसऱ्यांदा पुकारायची वाट बघते, गाडी घरासमोर थांबली की तो दार उघडून "चल" म्हणेपर्यंत पट्टा काढत नाही. तो याला माझा शहाणपणा म्हणतो आणि मित्रांना कौतुकानं सांगतो.

मग आमच्याकडे कुत्रापुराण सुरू झालं. जेवताना, आंघोळीला पाणी भरताना, सगळीकडे. स्पॅनियल घ्यावा तर तो शहरातल्या घरात पडद्यांवर चढेल. खरखरीत केसांचा जर्मन शिकारी कुत्रा घ्यावा तर तो शेजाऱ्यांच्या मांजरांचं काही ठेवणार नाही. लॅब्रॅडॉर मुलांना सगळ्यात बरा, पण बक्षिसाच्या प्रदर्शनातला नको, कामाच्या वंशातला हवा, हडकुळा, बारीक शेपटीचा. त्यातही पिल्लू घ्यायचं की दोन-तीन वर्षांचा तयार कुत्रा? पिल्लू घेतलं तर पोरं त्याला बिघडवतात. कुत्र्याला पोरं बिघडवतात, उलटं नव्हे, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. दोरी ओढायचा खेळ एकदा खेळलं की पिल्लू दात घट्ट करायला शिकतं आणि मग जन्मभर पक्षी चिरडून आणतं. चेंडू शंभरदा टाकला की त्याचा आणायचा हुरूप मरतो. उगाच नावानं हाका मारल्या की नावाला किंमत राहत नाही. हे मी एका संध्याकाळी कांदा चिरताना सांगितलं, सहज, माझ्या बापाच्या आवाजात. मला तो आवाज ऐकू आला तशी मी सुरी खाली ठेवली. टॅमसिननं वही आणली आणि म्हणाली, "परत सांग. हळू सांग."

तिनं फ्रीजवर कागद लावला. दोरी ओढायची नाही. चेंडू दिवसातून तीनदा. ताटातलं द्यायचं नाही. नाव उगाच घ्यायचं नाही. दारातून आधी माणूस, मग कुत्रा. कुत्रा यायचाच होता अजून, पण नियम आले. तीन आठवड्यांत आमच्या घरात कुणी धावेनासं झालं. टॅमसिन दाराशी थांबायची, मी पुढे गेल्यावर मग आत यायची. तिनं ओवेनला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायला शिकवलं. तो दोन मिनिटांत पळून जायचा, ती त्याला न रागावता परत आणून बसवायची, पुन्हा पुन्हा, न रागावता. कॉलिन हसून म्हणायचा, "बघ, शिकवायचा हात तुझा घेतलाय हिनं." एक दिवस मी कामावरून आले (मी चष्म्याच्या दुकानात आहे, लोकांच्या कानांमागे दांड्या वाकवून बसवते) तर टॅमसिन एकटीच स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पाठ ताठ, तोंड दाराकडे. विचारलं तर म्हणाली, "सराव." कसला? "कुत्र्याला कसं वाटत असेल त्याचा." आमच्या कुत्र्याची जागा तोवर ठरली होती, फ्रीजच्या बाजूला. ती त्याच जागी बसली होती. मी तिला उचलली, मांडीवर घेतली, आणि मला रडायला आलं. तिला ते आवडलं नाही.

आता माझ्या बापाचं सांगितलं पाहिजे. रेग वाइल्डिंग. आठवडाभर दुधाची मोटार चालवायचा आणि हंगामात दर शनिवारी मॉस नावाचा काळा कुत्रा घेऊन क्लन गावाच्या बाजूला शिकारीच्या ठिकाणी जायचा. बंदूक त्याच्याकडे नव्हती. बंदुका साहेब लोकांच्या. त्याचं काम पडलेले पक्षी शोधायचं. त्यातही जखमी होऊन पळालेले, जे झुडपात शिरून मरायला दोन दिवस घेतात. तो सांगायचा की ते शोधणं हेच कुत्र्याचं खरं काम, बाकी सगळी हौस. मी दहा वर्षांची झाले तशी मला न्यायला लागला. मला त्याचा एक नियम सगळ्यात आवडायचा. कुत्र्याला एका जागी बसवलं की मग त्याला लांबून हाक मारायची नाही. कधीच नाही. हाकेवर उठायची एकदा सवय लागली की कुत्रा हाकेची वाट बघत चुळबुळ करतो, अर्धा उठलेलाच असतो. म्हणून बसवणाऱ्यानं स्वतः चालत परत जायचं, अगदी जवळ, डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, झालं. नवखी माणसं हीच चूक करतात, लांबून हाका मारतात, आणि हातचा कुत्रा घालवतात. "त्याला माहीत पाहिजे," बाप म्हणायचा, "की आपण येणार. आपण येणारच आहोत म्हटल्यावर तो जगबुडी झाली तरी बसतो." मला वाटायचं, यापेक्षा चांगलं कुणी कुणाला काही देऊ शकत नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, अकरा वाजले असतील, त्यानं मला आणि मॉसला सूचिपर्णी झाडांच्या रानाच्या कोपऱ्यावर बसवलं. फेझंटचा एक जखमी नर पंख ओढत आत पळाला होता आणि रानाच्या पलीकडे अजून बंदुकांचे बार चालू होते म्हणून आम्हाला त्यानं आत नेलं नाही. त्यानं तळवा दाखवला, आधी कुत्र्याला, मग गमतीनं मला. थांब. आणि गेला. अर्ध्या तासानं मॉस उठला. मी त्याला दबक्या आवाजात रागावले. तो रानात गेला, परत आला, माझ्या कोटाची बाही दातात धरून ओढली, इतकी हळू की बाहीला ओलसुद्धा लागली नाही, आणि पुन्हा गेला. दोनदा आला तो. मी उठले नाही. मला भूक लागली होती, पायांना मुंग्या येऊन मग पायच नाहीसे झाले होते, पण मला आतून फार छान वाटत होतं, कारण मॉस नापास झाला होता आणि मी झाले नव्हते. बाप येईल आणि बघेल. साडेतीनला माणसं आली. बाप मिळाला तो माझ्यापासून दीडशे पावलांवर, एका खड्ड्यात, छातीवर हात दाबून. डॉक्टर माझ्या आईला म्हणाला की त्याला जीव जायला बराच वेळ लागला. त्यानं हे दार लोटून म्हटलं होतं, पण आमची दारं पातळ होती. गावात सगळे मला म्हणाले, शहाणी ग पोर, बापानं बसवलं तिथून हलली नाही. चर्चच्या दारात म्हणाले, दुकानात म्हणाले, माझ्या गालाला हात लावून म्हणाले. आई काहीच म्हणाली नाही, मरेपर्यंत. मॉसला पुढच्या हंगामात कुणी घेईना. न थांबणारा कुत्रा असा त्याचा बोभाटा झाला.

म्हणून मला भीती कुत्र्याची नव्हती, चावण्याची नव्हती, घाणीची नव्हती. मला भीती टॅमसिनची होती. कुत्र्याच्या मागोमाग ते सगळं घरात येईल आणि माझी पोर माझ्यासारखी होईल, कुणीतरी दाखवलेल्या तळव्यासमोर जन्मभर बसलेली, आणि वर त्यातच सुख वाटणारी. हे मी कॉलिनला सांगायला हवं होतं. त्याला बापाचं माहीत होतं, पण हृदय बंद पडलं एवढंच माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि तो म्हणाला, "फेब्रुवारी संपत आला. हंगाम संपल्यावर चांगले कुत्रे विकायला निघतात, मग जातात. एक बाई आहे, लडलोच्या पुढे. सगळे म्हणतात, पोरांच्या घरात द्यायचा कुत्रा घ्यावा तर तिच्याकडून." मी म्हटलं, बरं.

त्या बाईकडची कुत्री आम्ही घेतली नाही. ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी तिच्यात अडकणार नाही. तिचं नाव रेन, तीन वर्षांची, काळी, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. अंगणात गाडी शिरली, दारं आपटली, ओवेन ओरडत उतरला, आणि एकही कुत्रा भुंकला नाही. भिंतीला लागून जाळीच्या खोल्यांची रांग होती, अकरा कुत्रे मी मोजले, अकराही बसून होते आणि आमच्याकडे न पाहता घराच्या दाराकडे पाहत होते. पाऊस बारीक होता, दिसत नव्हता, फक्त चेहरा ओला होत होता. दारातून बेडोजबाई आल्या. सत्तरीच्या, बुटक्या, गळ्यात दोरीला शिट्टी, पायात रबरी बूट, आवाज इतका हलका की पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी कॉलिनशी हात मिळवला आणि माझा हात हातातच ठेवून घेतला. "तू रेग वाइल्डिंगची ना?" त्या म्हणाल्या. "ती बसून राहिलेली?" कॉलिन हसत म्हणाला, "कुठे बसून राहिलेली?" बाई म्हणाल्या, "सांगेल की ती," आणि माझा हात सोडून टॅमसिनकडे बघायला लागल्या. आधी पायांकडे, मग पाठीकडे, मग डोळ्यांकडे. पिल्लू असं बघतात.

त्यांनी रेनला सोडली. काय सांगू. शिट्टीचा एक लांब सूर आणि ती शंभर पावलांवर, पळता पळता, बसायची. हात डावीकडे केला की डावीकडे, उजवीकडे केला की उजवीकडे. पक्ष्याच्या जागी टाकायची, सशाचं कातडं शिवलेली डमी तोंडात धरून आणली ती ओवेनच्या हातात दिली, त्यानं तिच्या तोंडात हात घातला, कान ओढले, पाठीवर बसला, ती उभी राहिली. कॉलिनचे डोळे पाणावले होते, खोटं नाही सांगत. मी पापण्या आणि हिरड्या बघितल्या, मागचे पाय दाबून बघितले, तिच्या आईबापाच्या कुल्ल्यांच्या तपासणीचे आकडे विचारले, बंदुकीच्या आवाजाचं विचारलं, पोरं रडली-किंचाळली तर काय करते ते विचारलं. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. फक्त तिच्या डोळ्यांत बघताना मला काही मिळेना. ती माझ्याकडे बघत होती ते पुढे काय सांगते एवढ्यासाठीच. काही सांगितलं नाही तर तिला मी नव्हतेच.

"आता पोरं," बेडोजबाई म्हणाल्या. "कुत्रा बघून देणारे पुष्कळ. मी घर बघून देते." त्यांची ही पद्धत, येणाऱ्या प्रत्येक घराच्या पोरांना त्या हा खेळ खेळायला लावतात. गवताच्या मोठ्या कुरणात, घरापासून दोनेकशे पावलांवर, त्यांनी रेनला बसवलं, तिच्या एका बाजूला ओवेन, दुसऱ्या बाजूला टॅमसिन. "मी डमी टाकणार. तुम्ही हलायचं नाही. मी चालत येईन, डोक्यावर हात ठेवीन, मग सुटलात. दुसऱ्या कुणी काही म्हटलं तरी नाही." तळवा दाखवला. पहिली डमी पडताच ओवेन किंचाळत तिच्यामागे धावला, घसरला, चिखलात लोळला, आणि सगळे हसले. बाई पण हसल्या. दुसरी टाकली. तिसरी टॅमसिनच्या इतकी जवळ टाकली की चिखल तिच्या गालावर उडाला. तिनं तो पुसला नाही. कुत्री आणि मुलगी, दोघींनी मान एकदमच वळवून डमी कुठे पडली ते टिपलं आणि एकदमच पुन्हा बाईंकडे पाहिलं. "वा," बाई हळूच म्हणाल्या. मग ओवेनकडे वळून, "चल रे घसरगुंडे, तुला धुऊ आणि काहीतरी गरम देऊ," आणि त्याचा हात धरून घराकडे चालू लागल्या. कॉलिन वंशावळीचे कागद विचारत त्यांच्या मागे. मी त्यांच्या मागे. मला वाटलं टॅमसिन येतेय. खरं सांगायचं तर मला तसं वाटलं नाही. बाईंनी "चल" म्हटलं आणि मी चालले. वळून पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, घमेल्यात गरम पाणी होतं, ओवेनचे मोजे चुलीच्या दांडीवर वाळत टाकले. चहा आला, जाड कापलेला फळांचा केक आला. कॉलिन रेनच्या डोळ्यांच्या तपासणीचे दाखले एकेक वाचत होता. बाई कप घेऊन सिंकपाशी उभ्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सोळा मिनिटं." कॉलिननं विचारलं, कशाची? "तुमची मुलगी." तो उठून खिडकीशी गेला आणि हसला, "अरे, बसलीये की अजून! येडी ग येडी." त्याच्या हसण्यात अभिमान होता, तो मी ओळखते. बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मी हा खेळ खेळते. सगळ्यात टिकलेला एक मुलगा होता, नऊ मिनिटं. आणि त्याला झोप लागली होती." मी म्हटलं, "सोडवा तिला." "सोडते की," बाई म्हणाल्या. "चहा संपू दे. तू कशाला घाबरतेस? थंडीनं कुणी मरत नाही एवढ्यात. आणि तिला बरं वाटतंय, पोरी. तुला माहीत आहे तिला किती बरं वाटतंय ते."

मला माहीत होतं. मी कप खाली ठेवला आणि उभी राहिले. कॉलिन म्हणाला, "मेरियल, दोन मिनिटं. खेळ आहे तो. यावरून त्या ठरवणार आहेत ना." मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरून मला दिसलं की मी कशी दिसत असेन. मी म्हटलं, "माझा बाप एका रानात चार तास मरत होता आणि मी दीडशे पावलांवर शहाण्यासारखी बसून होते. त्याचा आवाज आला होता मला. एकदा. मी नाही उठले." आवाजाचं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. ओवेननं केक खायचा थांबवला. बाई खिडकीपासून वळल्या नाहीत.

बाहेर पाऊस वाढला होता. कुरणाच्या फाटकाशी मी उभी राहिले आणि हाक मारली. जाणूनबुजून, लांबून, करायची नाही ती गोष्ट. "टॅमसिन!" रेनचे कान हलले. टॅमसिनचं काही हललं नाही. पुन्हा मारली, पुरं नाव घेऊन, मग ती तान्ही असतानाचं नाव घेऊन, मग नुसतीच ओरडले. त्या दोघी तशाच, लाल कोट आणि काळी पाठ, मधे वीतभर अंतर. मग मी चालायला लागले. गवत गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि बूट खोल जात होते. मनात एकच चाललं होतं, कुणीतरी असं चालत यायला हवं होतं माझ्याकडे, मी किती बघितली वाट, अजून बघतेय, बाबा, मेलात तरी यायला हवं होतं तुम्ही. मी हे मोठ्यानं म्हणत होते बहुतेक. कुत्री माझ्याकडे बघायला लागली.

टॅमसिनचे ओठ निळे पडले होते. गालावरचा चिखल पावसानं ओघळून हनुवटीपर्यंत आला होता. हात मांडीवर, बोटं एकमेकांत. मी तिच्यासमोर वाकले, तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "झालं." ती म्हणाली, "तू नाही, आई." फार शांतपणे, समजावून सांगावं तसं. "ज्यांनी बसवलं त्यांनीच."

"थंडी वाजतेय ना बाळा?"

"हो."

"मग ऊठ. चल. मी आलेय ना."

"त्या बघतायत," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर एक हसू आलं. मी ते हसू आरशात कधी पाहिलं नाही पण आतून ओळखते, गाल कसे ताणतात ते. मग ते गेलं. तिनं मान जरा डावीकडे केली, मग उजवीकडे, माझ्या खांद्यावरून काही दिसतंय का बघत. "बाजूला हो ना," ती म्हणाली. "तू मधे आलीस. मला त्या दिसत नाहीयेत."

माझ्या मागे खिडकी होती, खिडकीत बाई आणि त्यांचा कप होता. मी ओल्या गवतात तिच्यासमोर बसले, तिच्या गुडघ्यांना माझे गुडघे लावले, कोटाची दोन्ही टोकं हातांत धरून पसरली, तिला दुसरं काही दिसू नये इतकी. ती रागावली. मग रडायला लागली. मी बाजूला झाले नाही.